दूध, दाणे की तीळ? पावणेदोन वर्षांच्या बाळाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे कुटुंब पिंपरी-चिंचवडमधलं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, आणि बाळाला इथे बबड्या म्हणूया. आईबाबा दोघंही नोकरीवाले, घरी बाबांची आई म्हणजे आजी, आणि दिवसातले काही तास पाळणाघर. मी एका बालरोगतज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. जानेवारीच्या शेवटी बबड्याची आई आली तेव्हा तिचं पहिलंच वाक्य होतं, "मॅडम, ह्याला काय द्यायचं तेवढंच सांगा, बाकी सगळं आम्ही बंद केलंय."

सगळं म्हणजे खरोखरच सगळं. दूध, दही, गहू, अंडं, शेंगदाणे, तूरडाळ. उरलं काय तर भात, कधीतरी बाजरीची भाकरी, मुगाची डाळ, बटाटा, केळं, सफरचंद आणि बाजारातला ज्यूस.

आधीचा इतिहास महत्त्वाचा आहे म्हणून तो नीट सांगते. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून बबड्याच्या गालांवर, कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या घडीत खरखरीत लाल चट्टे यायचे. डॉक्टरांनी एक्झिमा सांगितला, दिवसातून दोनतीनदा मॉइश्चरायझर आणि चट्टा वाढला की थोडे दिवस सौम्य स्टेरॉइड क्रीम. पण क्रीममध्ये स्टेरॉइड आहे म्हटल्यावर घरात सगळेच बिचकले आणि ती ट्यूब कपाटात गेली ती गेलीच. त्याऐवजी आजी रोज अंघोळीआधी लाकडी घाण्याचं तिळाचं तेल कोमट करून चोळायच्या. हे तेल लक्षात ठेवा.

खाण्याचं म्हणाल तर काहीही तक्रार नव्हती. सहाव्या महिन्यात उष्टावण झालं, मग नाचणीचं सत्व, मऊ वरणभात, तुपातला शिरा, वर्षाचा झाल्यावर दुधात कुस्करलेली पोळी, उकडलेलं अंडं, दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी. दीड वर्षाचा होईपर्यंत हे सगळं तो आवडीने खात होता आणि एकाही पदार्थानंतर ना पुरळ आलं ना उलटी झाली. म्हणजे नंतर ज्या ज्या पदार्थांवर संशय घेतला गेला ते सगळे त्याने आधी मस्त पचवलेले होते, फक्त ही गोष्ट कोणी विचारली नाही.

गडबड कुठून सुरू झाली

दिवाळीनंतर पाळणाघरात जुलाब-उलट्यांची साथ आली. बबड्यालाही झालं. ओआरएस, झिंक, चारपाच दिवसात उलट्या थांबल्या, ताप गेला, पण शी काही घट्ट होईना. दुधाची बाटली संपली की तासा-दोन तासात पोट गुरगुरायचं, मग पातळ, फेसाळ, आंबूस वासाची शी आणि त्याने लाल झालेलं ढुंगण. जवळच्या डॉक्टरांनी सांगितलं, थोडे दिवस दूध बंद करा.

हा सल्ला चुकीचा नव्हता. पोटाच्या इन्फेक्शनमध्ये लहान आतड्याच्या आतला थर खरवडला जातो आणि दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं एन्झाइम त्याच थरात असतं. ते कमी पडलं की लॅक्टोज न पचता पुढे मोठ्या आतड्यात जातं, तिथे आंबतं आणि मग गॅस, फेस, जुलाब. हा तात्पुरता लॅक्टोज इन्टॉलरन्स. आतड्याचा थर भरून आला की बहुतेक मुलांमध्ये काही आठवड्यात आपोआप जातो. जन्मभराचा जो लॅक्टोज इन्टॉलरन्स मोठ्या माणसांमध्ये दिसतो तो सहसा पाच वर्षांच्या आत सुरू होत नाही.

पण "थोडे दिवस" म्हणजे किती, आणि परत सुरू कसं करायचं, हे ना डॉक्टरांनी सांगितलं ना घरच्यांनी विचारलं. माझ्या मते ह्या प्रकरणातला पहिला फाटा इथे फुटला. कारण आठवड्याभरात घरात "बबड्याला दूध चालत नाही" हे वाक्य पक्कं झालं आणि पुढच्या आठवड्यात त्याचं "बबड्याला दुधाची ऍलर्जी आहे" झालं. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इन्टॉलरन्स हा पचनाचा प्रश्न, त्रास पोटापुरता, थोडं खाल्लं तर थोडा, जास्त खाल्लं तर जास्त. ऍलर्जी हा रोगप्रतिकार शक्तीचा प्रश्न, त्यात चिमूटभरही पुरतं, आणि नेहमीच्या प्रकारात काही मिनिटांपासून दोन तासांच्या आत अंगावर गांधी, सूज, उलट्या, खोकला असं काहीतरी दिसतं. (उशिरा दिसणारे प्रकारही आहेत. एकात खाल्ल्यावर तास ते चार तासांनी मूल धडाधड ओकतं आणि पांढरंफटक, मलूल पडतं. पण बबड्याचं चित्र तसं नव्हतं.)

शेजारच्या काकूंनी शेळीचं दूध सुचवलं, ते कुठून कुठून मिळवून दिलं गेलं, शी तशीच. ह्यात आश्चर्य काही नाही. लॅक्टोज शेळीच्या दुधातही असतंच. आणि समजा खरंच गाईच्या दुधाची ऍलर्जी असती तर शेळीचं किंवा म्हशीचं दूध उलट धोक्याचं, कारण प्रोटीन इतकी सारखी असतात की गाईचं न चालणाऱ्या बहुतेक मुलांना तेही चालत नाही. म्हणजे आजार कुठलाही धरा, हा उपाय दोन्हीकडून फुकट.

मग मावशीने सांगितलं, पोटाला हलकं म्हणून सफरचंदाचा ज्यूस द्या. दिवसाला दोनतीन खोकी जायला लागली. सफरचंदाच्या रसात फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉल भरपूर असतं आणि एवढ्याशा मुलाला ते जास्त झालं की शी पातळच राहते. घरच्यांना दिसत काय होतं, तर दूध बंद करूनही जुलाब चालूच. म्हणजे अजून काहीतरी आहे! मग गहू बंद झाला.

लाल-हिरवा रिपोर्ट

डिसेंबरात बाबांच्या ऑफिसमधल्या कोणीतरी "फूड इन्टॉलरन्स पॅकेज" सुचवलं. घरी येऊन रक्त नेलं, आठवड्यात पानोपान रंगीत रिपोर्ट आला, शंभराच्या वर पदार्थ आणि प्रत्येकासमोर लाल, पिवळा किंवा हिरवा रंग. दूध लाल, गहू लाल, अंडं लाल, शेंगदाणे लाल, तूरडाळ पिवळी पण "टाळलेली बरी". आईने तो रिपोर्ट प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आणला होता आणि बाजूला पेन्सिलीने खुणा केल्या होत्या.

ही आयजीजीची टेस्ट होती. आयजीजी अँटीबॉडी दिसते म्हणजे मूल तो पदार्थ खात आलंय आणि शरीराला त्याची ओळख आहे, एवढाच अर्थ. जगभरातल्या ऍलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ही टेस्ट निदानासाठी वापरू नका असं स्वच्छ सांगितलेलं आहे. तरी ती विकली जाते, आणि लोक फसतात ह्यात लोकांचा दोष मी देणार नाही, कारण तो रिपोर्ट दिसायला डॉक्टरांच्या साध्या केस पेपरपेक्षा दहापट भारदस्त असतो.

त्या रिपोर्टमध्ये तीळ हिरव्या रकान्यात होते. साहजिकच, बबड्याने तोवर तीळ असे खाल्लेच नव्हते. दूध, पोळी, अंडं, दाणे रोजचे म्हणून ते लाल. म्हणजे रिपोर्टने सुरक्षित पदार्थांना लाल झेंडा दाखवला आणि खऱ्या धोक्याला हिरवा.

जानेवारी उजाडेपर्यंत वजन 10.4 किलोवरून 9.8 वर आलं होतं. ह्या वयात वजन नुसतं वाढायचं थांबलं तरी विचारायला हवं, इथे ते घटत होतं.

संक्रांतीच्या आठवड्यात काय झालं

भोगीला आजींनी तीळ लावलेली बाजरीची भाकरी केली, गहू बंद म्हणून बबड्याला कौतुकाने लोण्याशिवायचा एक तुकडा दिला. दहा मिनिटात ओठांभोवती लाल झालं आणि गालावर दोनतीन गांधी उठल्या. तासाभरात गेल्या. "बाजरी उष्ण पडली" असं ठरलं आणि विषय संपला.

त्यानंतरच्या रविवारी बोरन्हाण. काळं झबलं, हलव्याचे दागिने, सोसायटीतली पोरंटोरं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हलवा, रेवड्या, भुईमुगाच्या शेंगा. पोरांची उचलाउचल चालू असतानाच बबड्या खोकायला लागला, कान लाल झाले, मग पोटावर, पाठीवर भराभर गांधी, डावा डोळा सुजून बारीक झाला आणि लागोपाठ तीन उलट्या. जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे अँटीहिस्टामिन आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन अर्ध्या तासात घरी सोडलं. चिठ्ठीवर लिहिलं, "शेंगदाण्याची ऍलर्जी?" रिपोर्टमध्ये दाणे लालच होते, त्यामुळे घरच्यांना ते लगेच पटलं.

इथे दोन गोष्टी बोलायलाच हव्यात. एक म्हणजे ही साधी पित्त उठल्याची केस नव्हती. त्वचा, पोट आणि श्वास, तिन्हीकडे एकदम त्रास, तोही संशयित पदार्थ तोंडात गेल्यावर काही मिनिटात, ह्याला ऍनाफिलॅक्सिस म्हणतात, मूल बेशुद्ध पडायची वाट बघायची नसते. त्यावरचं पहिलं औषध ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. अँटीहिस्टामिनने खाज आणि गांधी कमी होतात पण श्वास आणि बीपी सावरत नाही, स्टेरॉइडला तर असर व्हायलाच काही तास लागतात. दुसरं म्हणजे थोडं बरं वाटल्यावर काही तासांनी त्रास उलटू शकतो, म्हणून अर्ध्या तासात घरी सोडणं जोखमीचं. बबड्या सावरला, पण तो सावरला म्हणून उपचार बरोबर होते असं होत नाही.

दाणे की तीळ

बोरन्हाणात नेमकं काय तोंडात गेलं हे कोणालाच ठामपणे सांगता येईना. आई म्हणे शेंगदाणा असणार, आजी म्हणे बोराचं साल घशात अडकलं, आत्याला वाटत होतं कोणीतरी चॉकलेट दिलं. मी विचारलं, शूटिंग केलंय का? अर्थातच केलं होतं, आजकाल बोरन्हाण मुलाचं कमी आणि मोबाईलचं जास्त असतं.

बाबांच्या फोनवर तीन क्लिप होत्या. दुसऱ्या क्लिपमध्ये स्वच्छ दिसतं, बबड्याच्या मुठीत रेवडी आहे, तो ती चोखतोय, बाहेर काढून बघतोय, परत तोंडात. शेंगा शेजारी पडलेल्या आहेत पण सालासकट, त्या त्याला फोडता येत नाहीत. तिसऱ्या क्लिपमध्ये तो कान ओढतोय आणि खोकतोय. फोनवरच्या वेळा बघितल्या तर दोन्हीत आठ मिनिटांचं अंतर. रेवडीत साखर किंवा गूळ आणि तीळ, दाणे नसतात.

मग भोगीची भाकरी आठवली. बाजरीची भाकरी त्याने त्याआधी आणि त्यानंतरही खाल्ली होती, तीळ न लावलेली, आणि काही झालं नव्हतं. दोन्ही वेळेला समान धागा तीळच.

आजींना हे पटेना. "अहो, तिळाच्या तेलानेच तर वाढलाय तो!" असं त्या म्हणाल्या आणि मला वाटतं तिथेच त्यांच्याही लक्षात आलं, कारण पुढे त्या बराच वेळ गप्प होत्या. मी विचारलं, तेल चोळल्यावर चट्टे वाढायचे का? तर हो, तेलानंतर अंग लाल व्हायचं, पण ते चोळण्याने होतं असं वाटायचं.

शास्त्र इथे काय सांगतं तर, एखादा पदार्थ पोटातून लवकर आणि नियमित गेला तर शरीर त्याला आपलं म्हणायला शिकतं, पण तोच पदार्थ फुटलेल्या, एक्झिमाच्या त्वचेतून आधी आत गेला तर शरीर त्याला शत्रू ठरवू शकतं. 2003 मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात शेंगदाण्याची ऍलर्जी असलेल्या मुलांमध्ये, लहानपणी सुजलेल्या त्वचेला दाण्याचं तेल असलेली क्रीम लावल्याचं जास्त आढळलं होतं. घाण्याच्या तेलात बीचं प्रोटीन थोडंफार उतरतंच. बबड्याला तेलामुळेच ऍलर्जी झाली असं छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही, हजारो मुलांना तिळाचं तेल लावतात आणि काही होत नाही. पण एक्झिमा असलेल्या त्वचेवर खाण्याच्या बियांचं तेल नको, हे मी आता प्रत्येकाला सांगते. आणि आजींना दोष देऊन काही साधत नाही, ती ट्यूब वापरायची का आणि किती हे त्यांना कोणी समजावून सांगितलं असतं तर त्यांनी तेलाची वाट धरली नसती.

समोर कोणते पर्याय होते

बालरोगतज्ज्ञ डॉक्टर, आईबाबा आणि मी असे बसलो. आईचा कल होता की सगळं बंदच ठेवूया, वर तीळही बंद, मोठा झाला की बघू. भीती समजण्यासारखी होती, पण घटतं वजन समोर होतं, आणि दुसरा धोका असा की एक्झिमा असलेल्या मुलाला चालत असलेला पदार्थ महिनोन्महिने बंद ठेवला तर तो परत देताना खरीच ऍलर्जी उभी राहिल्याची उदाहरणं आहेत. म्हणजे "बंद ठेवलं तर निदान नुकसान तरी नाही" हे खरं नाही.

बाबांना अजून एक मोठी टेस्ट हवी होती, ह्यावेळी "खरी", आयजीईची (म्हणजे ऍलर्जी घडवणाऱ्या अँटीबॉडीची), सगळ्या पदार्थांची एकदम. डॉक्टरांनी नाही म्हटलं. आयजीई टेस्ट योग्य आहे पण ती प्रश्न घेऊन करायची असते. एक्झिमावाल्या मुलात सरसकट केली तर पाचसहा गोष्टी पॉझिटिव्ह येतात ज्या ते मूल मजेत खात असतं, आणि परत तेच, नवीन लाल यादी.

तिसरा पर्याय, जो निवडला, तो कंटाळवाणा होता. प्रत्येक पदार्थाचा वेगळा विचार. ज्याने आधी कधी त्रास झाला नाही तो परत आणायचा, एकावेळी एकच. तिळाची नेमकी तपासणी करायची. दाण्याचं मात्र अंदाजाने नाही, कारण दोन महिने बंद होते आणि तिळाची ऍलर्जी असलेल्या काही मुलांना दाणे किंवा काजू-अक्रोडचीही असते.

गव्हाबद्दल एक पेच होता. वजन घटलंय, शी पातळ, मग सिलिऍक आजार, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते तो, तर नाही? पण त्याची रक्ततपासणी गहू पोटात जात असतानाच करायची असते, बंद करून केली तर खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून आधी गहू सुरू करायचा, दोनेक महिन्यात शी आणि वजन सुधारलं नाही तर टेस्ट, असं ठरलं.

काय काय केलं

पहिल्या दिवशी ज्यूस बंद. त्याने चार दिवसात शी निम्मी सुधारली, आईचा विश्वास बसेना.

मग दही, दोन चमचे, सकाळच्या वेळी, दवाखाना उघडा असलेल्या दिवशी. दह्यात लॅक्टोज कमी झालेलं असतं. तीन दिवस ठीक गेले तर वाटीभर, मग पनीर, मग अर्धा कप दूध जेवणासोबत, शेवटी पूर्ण कप. तीन आठवड्यात दूध परत आलं, पोट गुरगुरलं नाही. पोळी, तूरडाळ, अंडं त्याच पद्धतीने, सर्दी-ताप असेल त्या दिवशी नवीन काही नाही.

ह्या काळात एक वही ठेवायला लावली. ॲप नको म्हटलं, कारण आजींनाही लिहिता आलं पाहिजे. किती वाजता काय खाल्लं, त्यात कुठला मसाला, काही दिसलं तर किती वाजता, शी कशी, सर्दी-ताप आहे का. पुरळ दिसलं की आधी फोटो, मग फोन. पहिल्या पानावर आजींनी लिहिलं होतं "सकाळी जेवला, बरा आहे." आठवड्याभरात त्याच वहीत "11.20, मूगखिचडी, गोडा मसाला नाही, तूप 1 चमचा" असं यायला लागलं.

तिळाची तपासणी ऍलर्जीतज्ज्ञांकडे, पण लगेच नाही. मोठ्या रिऍक्शननंतर काही आठवडे त्वचेची टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून महिनाभर थांबून मार्चच्या सुरुवातीला. आधी आठवडाभर अँटीहिस्टामिन बंद. बाजारातल्या तिळाच्या अर्कात काही महत्त्वाची प्रोटीन नीट उतरत नाहीत म्हणून डॉक्टरांनी घरच्याच डब्यातले तीळ आणायला सांगितले, ते कुटून त्याचीही टेस्ट केली. पंधरा मिनिटात तिळाच्या जागी चांगली मोठी गांध. 3 मिलिमीटरच्या पुढे पॉझिटिव्ह धरतात, ही त्याच्या दुप्पट होती. दाण्याच्या जागी काहीच नाही. इतिहास आणि टेस्ट एकच सांगत होते म्हणून तीळ खायला घालून बघायची गरज नव्हती. दाणे मात्र दवाखान्यातच, केळ्यात भाजलेल्या दाण्याचं कूट कालवून, थोडं थोडं वाढवत दिले आणि दोन तास बसवून ठेवलं. काही झालं नाही. (एवढ्या लहान मुलाला अख्खा दाणा मात्र कधीच नाही, तो श्वासनलिकेत अडकतो.)

आता तीळ टाळायचे म्हणजे संक्रांतीचे लाडू टाळायचे एवढंच घरच्यांना वाटत होतं. मी आजींना म्हटलं, चला, डबे काढा. व्हिडिओ कॉलवर स्वयंपाकघर बघितलं. गोड्या मसाल्यात तीळ. भरल्या वांग्याच्या वाटणात तीळ. चकलीत, अळूवडीवर, कोथिंबीर वडीवर, चिवड्यात, बाकरवडीत, ढोकळ्याच्या फोडणीत, कारळ्याच्या चटणीत, बर्गरच्या बनवर, आजोबांच्या वेळेपासून चालत आलेल्या मुखवासात. काटेरी हलव्याच्या आतही बऱ्याचदा तीळच असतो. दिवाळीच्या अभ्यंगाचं तेल. आजींनी स्वतःहून एक गोष्ट काढली जी माझ्या यादीत नव्हती, तीळ भाजलेल्या कढईतच त्या नंतर रवा भाजतात. त्यांनी गोडा मसाला बिनतिळाचा करायला सुरुवात केली, खोबरं थोडं वाढवून, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही म्हणे.

पाकिटाचं वेगळंच दुखणं. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलच्या नियमांमध्ये ऍलर्जीच्या पदार्थांची जी यादी आहे त्यात ग्लूटेनवाली धान्यं, दूध, अंडं, मासे, दाणे, सुकामेवा, सोयाबीन वगैरे येतात, तीळ येत नाहीत. अमेरिकेत 2021 च्या कायद्याने तीळ यादीत आले आणि 1 जानेवारी 2023 पासून ते लिहिणं सक्तीचं झालं. म्हणजे आपल्याकडे "ऍलर्जीची सूचना" हा चौकटीतला मजकूर वाचून भागत नाही, पूर्ण घटकयादी वाचायची, आणि नुसतं "मसाले" लिहिलेलं असेल तर घ्यायचं नाही.

आणीबाणीची तयारी हा सगळ्यात अवघड भाग गेला. परदेशात मिळतं तसं तयार ॲड्रेनलिन पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, मिळालं तर महाग. म्हणून डॉक्टरांनी ॲम्प्यूल, 1 मिलिची सिरिंज आणि सुई असा डबा करून दिला, त्यावर बबड्याच्या वजनाप्रमाणे मात्रा लिहून, सिरिंजवर मार्करने रेघ मारून. (मात्रा किलोमागे 0.01 मिलिग्रॅम असते, पण ती ज्याची त्याच्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्यायची, आणि इन्सुलिनची सिरिंज वापरायची नाही, तिच्यावरच्या खुणा वेगळ्या असतात.) आईबाबांकडून साध्या पाण्याच्या ॲम्प्यूलवर सराव करून घेतला. पहिल्यांदा बाबांचा हात इतका थरथरला की ॲम्प्यूल फुटून बोट कापलं. दुसऱ्यांदा जमलं.

पाळणाघरासाठी मराठीत एक कार्ड केलं. "लक्ष ठेवा" असं त्यावर काहीही नव्हतं कारण त्याचा अर्थ कोणालाच कळत नाही. फक्त गांधी असतील तर अँटीहिस्टामिनचं सिरप आणि आईला फोन. गांधींसोबत उलटी, खोकला, आवाज बसणं, श्वासाला घरघर, एकदम मलूल होणं ह्यातलं एक जरी असेल तर इंजेक्शन, आडवं झोपवून पाय वर, श्वास लागत असेल तर बसवून, 108 ला फोन, उचलून उभं करायचं नाही, पाच मिनिटात सुधारणा नसेल तर दुसरी मात्रा. तिथल्या ताई इंजेक्शन द्यायला आधी तयार नव्हत्या, त्यांचंही बरोबर होतं. शेवटी डॉक्टरांच्या सहीचं पत्र आणि आईबाबांची लेखी संमती दिल्यावर एक ताई शिकायला आल्या.

पुढे काय झालं

जुलैपर्यंत वजन 11 किलोच्या वर गेलं, शी छान, सिलिऍकची टेस्ट करायची वेळच आली नाही. मॉइश्चरायझर आणि गरजेपुरती क्रीम नीट लावल्यावर एक्झिमा बराच आटोक्यात आला, तेल खोबऱ्याचंही नको असं सध्या ठरलंय.

पावसाळ्यात एकदा रात्री बबड्याच्या अंगावर परत गांधी उठल्या. आईने घाबरून फोन केला पण ह्यावेळी हातात वही होती. त्या दिवशी नवीन काही खाल्लं नव्हतं, आदल्या दिवसापासून ताप, श्वास ठीक, उलटी नाही. लहान मुलांमध्ये गांधी उठण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण व्हायरल इन्फेक्शन आहे, खाणं नव्हे. सिरप दिलं, दोनतीन दिवसात गेल्या. सहा महिन्यांपूर्वी ह्याच गांधींवरून अजून दोन पदार्थ बंद झाले असते.

एकदा कोणाच्या तरी घरी चकलीचा तुकडा तोंडात गेला. ओठाभोवती गांधी आल्या आणि पाठोपाठ एक उलटी झाली. कार्डाप्रमाणे इंजेक्शनची वेळ होती, आईने दिलं, हॉस्पिटलमध्ये नेलं, रात्रभर ठेवलं, सकाळी सोडलं. तिला नंतर वाटत होतं की उगीच घाई केली का. डॉक्टरांनी सांगितलं की शंका असेल तर देणंच बरोबर.

वेगळं काय करता आलं असतं

दूध बंद करतानाच परत सुरू करायची तारीख चिठ्ठीवर लिहिली असती तर पुढचे दोन महिने वाचले असते, हे मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण ह्याला पैसे लागत नाहीत. पॅकेज टेस्टच्या आधी कोणीतरी "हे सगळं तो आधी खात होता ना?" एवढं विचारलं असतं तरी ती टेस्ट टळली असती. भोगीच्या दिवशीचा एक फोटो आणि भाकरीवर काय होतं ह्याची नोंद असती तर कदाचित रविवारी रेवडी हातात गेली नसती. दवाखान्यात ॲड्रेनलिन द्यायला हवं होतं हे वर आलंच आहे.

ज्यावर आमच्यातही एकमत नाही अशीही एक गोष्ट आहे, घरातून तीळ पूर्ण हद्दपार करायचे का. डॉक्टर म्हणतात लहान आहे तोवर घरात नकोच. मला वाटतं तीन-साडेतीन वर्षांचा झाला की वेगळा डबा, वेगळा चमचा आणि "हे माझं नाही" म्हणायला शिकवणं जास्त उपयोगी पडेल, कारण बालवाडीत कोणाच्या डब्यात काय येईल हे आपल्या हातात नसतं. तिळाची ऍलर्जी दहातल्या दोनतीन मुलांची वाढत्या वयात जाते, बाकीच्यांची राहते. बबड्याची टेस्ट दरवर्षी परत होणार आहे.

सध्या प्रश्न वेगळाच आलाय. बबड्याच्या काकूंना मुलगी झालीय, त्या चाकणला वेगळ्या राहतात, आणि त्यांनी ठरवून टाकलं होतं की हिला पाच वर्षं तीळ आणि दाणे दोन्ही दाखवायचेच नाहीत. 2015 च्या एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासात एक्झिमा किंवा अंड्याची ऍलर्जी असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच दाणे सुरू केल्यावर पुढे दाण्याची ऍलर्जी खूपच कमी मुलांना झाली, तिळाबद्दल इतका भक्कम अभ्यास नाही पण उशीर करून फायदा झाल्याचंही दिसलेलं नाही. तिला एक्झिमा नाही. डॉक्टरांशी बोलून सातव्या महिन्यात खिमटीत आधी दाण्याचं कूट, मग काही दिवसांनी भाजलेल्या तिळाची बारीक पूड, चिमूटभर, असं सुरू केलंय. आठवड्यातून दोनतीनदा चालू आहे, आणि बबड्या त्यांच्याकडे जाणार असेल त्या दिवशी काकू ओटा पुसून ठेवतात.